प्रोस्टेटच्या तपासण्या: जानेवारी ते जून, एकेक टेस्ट कशी झाली

गेल्या आठवड्यात युरोलॉजिस्टनी माझी फाईल मिटली आणि म्हणाले, "आता ऑक्टोबरात भेटू." घरी आल्यावर ठरवलं की सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढायचं. जानेवारीत हे सुरू झालं तेव्हा मी खूप शोधलं होतं, की बाबा या तपासण्यांमध्ये माणसाला नेमकं काय करतात, किती दुखतं, किती थांबावं लागतं, आणि एक रिपोर्ट वाईट आला म्हणजे सगळं संपलं का. मिळायचं ते एकतर डॉक्टरांच्या भाषेतलं किंवा घाबरवणारं. मी ६१ वर्षांचा आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून औषध घेऊ नका किंवा थांबवू नका, फक्त पुढे काय येतं याचा अंदाज यावा म्हणून लिहितोय.

त्रास तसा वर्षभर हळूहळू वाढत होता. रात्री लघवीला तीन-चारदा उठायचं, धार बारीक झालेली, सुरू व्हायला वेळ लागायचा, आणि करून आलं तरी अजून थोडी राहिलीय असं वाटत राहायचं. जानेवारीत त्यात जळजळ सुरू झाली आणि अंगात कणकण आली, तेव्हा लगेच फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. लघवीत रक्त दिसलं का, कधी पूर्ण अडकली का, शुगर आहे का, घरात वडील-भावाला कुणाला प्रोस्टेटचा (म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर होता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि सर्दीसाठी काही घेतलं का. हा सर्दीचा प्रश्न मला कळेना. त्यांनी सांगितलं की नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी चक्क अडकू शकते. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, अगदी साध्या वाटणाऱ्यासुद्धा.

मग त्यांनी एक कागद हातात दिला. आयपीएसएस म्हणतात त्याला, जगभर हाच वापरतात. गेल्या महिनाभरात कसं होतं याचे ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त ३५. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. शेवटी एक वेगळा प्रश्न असतो की उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल, त्याला ० ते ६. मी कागद घरी आणला आणि बायकोबरोबर बसून भरला. रात्री किती वेळा उठतो हे मी दोनदा लिहिलं होतं, ती म्हणाली, "अहो, दोनदा कसलं, चारदा उठता, मला जाग येते ना." एकूण १९ झाले. हा कागद बारीक वाटतो पण पुढे प्रत्येक डॉक्टरने तोच आधी मागितला, कारण औषधाने फरक पडला का हे त्यावरूनच कळतं. तारीख टाकून जपून ठेवा.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहून दिलं ते एवढंच: लघवीची साधी तपासणी, लघवीचं कल्चर, रक्तातली शुगर आणि क्रिएटिनिन. शुगर अशासाठी की ती वाढलेली असली तरी लघवीला सारखं जावं लागतं, आणि क्रिएटिनिन किडन्यांवर ताण आलाय का ते बघायला. कल्चरचं सॅम्पल अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी द्यायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा औषध सुरू झालं की जंतू उगवतच नाहीत आणि मग कुठला जंतू होता आणि कुठलं औषध लागू पडेल हे कळायचा मार्ग बंद होतो.

सॅम्पल घ्यायची पण पद्धत आहे, ती लॅबमध्ये कुणी धड सांगत नाही म्हणून लिहितो. आधी हात आणि ती जागा स्वच्छ धुवायची. सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यायची, धार न थांबवता मधली डबीत धरायची आणि शेवटची परत सोडून द्यायची. डबीच्या आत बोट लावायचं नाही, झाकण खाली ठेवलंच तर आतली बाजू वर. आणि तासा-दोन तासात लॅबमध्ये पोचवायची, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये. असं केलं नाही तर कातडीवरचे जंतू मिसळतात, रिपोर्टमध्ये मिश्र वाढ असं येतं आणि सगळं परत करावं लागतं.

आता लॅबमध्ये जे झालं ते. काऊंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, सुट्या टेस्ट कशाला करता, तुमच्या वयाच्या पुरुषांसाठी प्रोफाइल आहे, त्यात सगळंच येतं." चिठ्ठीत नसलेल्या बऱ्याच टेस्ट त्यात होत्या आणि त्यातली एक पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय बघायला करतात ती रक्ताची टेस्ट. रात्री मोबाईलवर रिपोर्ट आला. बाकी सगळं साध्या अक्षरात आणि एका ओळीत ठळक अक्षरात ९.२, बाजूला वर जाणारा बाण, आणि नॉर्मल म्हणून ० ते ४. खाली कुठेही लिहिलेलं नाही की लघवीत इन्फेक्शन असताना या आकड्याला काही अर्थ नसतो. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. मला या गोष्टीचा अजूनही राग आहे, कारण आकडा द्यायचा आणि तो कधी बघायचा हे सांगायचं नाही, याने माणूस विनाकारण मरणाच्या विचारापर्यंत जाऊन येतो.

सकाळी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "ही टेस्ट मी लिहिलीच नव्हती, मुद्दामच नव्हती लिहिली." मग त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन आहे, वीर्य पातळ ठेवायचं त्याचं काम. चांगल्या पेशीही ते बनवतात आणि कॅन्सरच्या पेशीही. त्यातलं थोडं रक्तात येतं. प्रोस्टेट नुसतीच वाढली तरी ते वाढतं, इन्फेक्शन झालं तर खूप वाढतं, लघवी अडकली किंवा नळी घातली तरी वाढतं. म्हणजे पीएसए फक्त सांगतं की प्रोस्टेटमध्ये काहीतरी चाललंय. काय चाललंय ते सांगत नाही. इन्फेक्शन पूर्ण बरं झाल्यावर साधारण ६ आठवडे थांबून मगच परत करायची.

कल्चर दोन-तीन दिवसांनी आलं, त्यात ई. कोलाय नावाचा जंतू, आणि कुठलं अँटिबायोटिक चालेल याची यादी. कोर्स सुरू केला आणि जळजळ लवकरच थांबली, पण गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. पुरुषांना लघवीचं इन्फेक्शन बायकांच्या मानाने कमी होतं, त्यामुळे झालं तर त्यामागे काही कारण आहे का, लघवी मागे राहतेय का, खडा आहे का, ते बघायचं असतं, म्हणून त्यांनी युरोलॉजिस्टची चिठ्ठी दिली.

ते ६ आठवडे हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात अवघड भाग. शरीराला काही नाही, डोक्यालाच त्रास. ९.२ हा आकडा जेवताना, चालताना, टीव्ही बघताना समोर. मी सारखा तो रिपोर्ट उघडून बघायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या आकड्याला आता काही अर्थ नाही असं डॉक्टरच म्हणालेत ना, मग बघता कशाला," आणि तिने फाईल कपाटात ठेवली. मला उपयोग झाला तो एका गोष्टीचा, मनात येणारे सगळे प्रश्न मी वहीत लिहून ठेवायला लागलो आणि प्रत्येक भेटीला वही घेऊन जायला लागलो. डॉक्टरसमोर बसलं की अर्धं विसरायला होतं.

युरोलॉजिस्टकडे फेब्रुवारीच्या मध्यावर नंबर लागला. अपॉइंटमेंट असूनही बाहेर बराच वेळ बसावं लागतं आणि तिथे बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस दर थोड्या वेळाने उठून बाथरूमला जातो, तेव्हा लाजायचं काही कारण नाही. आत गेल्यावर त्यांनी पोट दाबून बघितलं आणि मग म्हणाले, "आता बोटाने तपासणी करायचीय, चालेल ना?" हीच ती तपासणी जिच्या भीतीने कितीतरी लोक येतच नाहीत, म्हणून नीट सांगतो. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. ग्लोव्ह घातलेल्या बोटाला भरपूर जेली लावतात. "तोंडाने श्वास सोडा" म्हणतात आणि तो सोडताना बोट गुदद्वारातून आत जातं. प्रोस्टेट आतड्याच्या पुढच्या भिंतीलाच टेकलेली असते, त्यामुळे बोटाला तिची मागची बाजू लागते. दाब जाणवतो, लघवीला लागल्यासारखं वाटतं, आणि मला तरी दुखलं नाही. पंधरा-वीस सेकंदात संपलं. जेली पुसायला कागद देतात आणि ते पाठ फिरवून हात धुतात.

मग त्यांनी मला माझाच हात पुढे करायला सांगितलं. अंगठ्याच्या खालचा मांसल भाग दाबा म्हणाले, नुसती वाढलेली प्रोस्टेट अशी लागते. आता बोटाचं पेर जिथे वाकतं तिथलं हाड दाबा, गाठ संशयाची असेल तर ती अशी टणक लागते. तुमची बहुतेक सगळी पहिल्यासारखी आहे, डावीकडे एक छोटी जागा जरा घट्ट वाटतेय, ती इन्फेक्शनमुळेही असू शकते, आपण परत बघू. हे ऐकून पोटात गोळा आला हे खरं, पण त्यांनी लपवलं नाही आणि वाढवूनही सांगितलं नाही याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

त्यांनी तीन दिवसांची लघवीची डायरी लिहायला सांगितली. किती वाजता काय प्यायलो आणि किती, किती वाजता लघवी झाली आणि किती एमएल. त्यासाठी मापाचं प्लास्टिकचं भांडं घ्यायचं. कंटाळवाणं काम आहे पण फुकट आहे आणि बरंच काही सांगून जातं. दिवसभराच्या एकूण लघवीतली एक तृतीयांशाहून जास्त जर रात्री झोपेच्या वेळात होत असेल तर रात्रीच्या उठण्याचं कारण फक्त प्रोस्टेट नसतं, शरीर रात्री जास्त लघवी बनवतंय असा त्याचा अर्थ, आणि मग पायाची सूज, हृदय, झोपेतला श्वास, संध्याकाळचं पाणी-चहा याकडे बघावं लागतं. माझं प्रमाण त्या रेषेच्या जरा वर निघालं. संध्याकाळनंतरचं पाणी कमी केल्यावर चारदाचं तीनदा तर तिथेच झालं.

सोनोग्राफी त्याच आठवड्यात. किडन्या, लघवीची पिशवी आणि प्रोस्टेट, सगळं पोटावरूनच बघतात, दुखत काहीच नाही. त्रास फक्त भरलेल्या पिशवीचा. तासभर आधी पाणी पिऊन या, लघवी करू नका, असं सांगतात, आणि मग मधेच इमर्जन्सी येते आणि आपला नंबर मागे जातो. प्रोस्टेटच्या माणसाला लघवी धरून ठेवणं म्हणजे काय ते ज्याला आहे त्यालाच कळेल. मी शेवटी काऊंटरवर जाऊन स्पष्ट सांगितलं की आता थांबवत नाही, तेव्हा त्यांनी घेतलं. तुम्हीही सांगा, कारण पिशवी प्रमाणाबाहेर ताणली गेली तर नंतर ती नीट रिकामी होत नाही आणि मागे राहिलेल्या लघवीचा आकडा उगाच जास्त येतो. पहिल्या भागानंतर लघवी करून यायला सांगतात आणि परत प्रोब लावून किती राहिली ते मोजतात. तिथे घाई करू नका, दोन मिनिटं थांबून परत प्रयत्न करा आणि मग जा. माझी ९० एमएल मागे राहिली होती. ५० च्या आत असेल तर चांगलं धरतात, दोन-तीनशेच्या वर गेली तर काळजीचं. प्रोस्टेट ५२ सीसी, साधारण २० ते २५ असते. किडन्यांना सूज नव्हती, खडा नव्हता. ही ओळ वाचून खूप बरं वाटलं, कारण मागे तुंबलेल्या लघवीने किडन्या खराब होणं ही या आजारातली खरी गंभीर गोष्ट आहे.

युरोफ्लोमेट्री म्हणजे धारेचा वेग मोजायची टेस्ट. एका खोलीत स्टँडवर नरसाळं असतं, खाली मोजणारं यंत्र, त्यात नेहमीसारखी लघवी करायची आणि बाहेर ग्राफ निघतो. टेक्निशियन दार लावून बाहेर जातो. लघवी निदान १५० एमएल तरी झाली पाहिजे, नाहीतर आकडा धरत नाहीत. माझी पहिली कमी भरली, परत पाणी पिऊन बसलो आणि पुन्हा केली. जोर काढू नका, कुंथू नका, आणि धार नरसाळ्यात एकाच जागी धरा, हलवली की ग्राफवर खोटे सुळके येतात. सर्वात जास्त वेग सेकंदाला १५ एमएलच्या वर असेल तर बहुधा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता जास्त. माझा ९ आला. निरोगी ग्राफ घंटेच्या आकाराचा येतो, माझा बुटका आणि लांबट होता. डॉक्टर म्हणाले की वेग कमी आहे एवढंच ही टेस्ट सांगते, पुढे वाट अरुंद आहे की मागे पिशवीचाच जोर गेलाय हे ती सांगत नाही. ते बघायला युरोडायनॅमिक्स नावाची वेगळी तपासणी असते, त्यात मूत्राशयात आणि गुदद्वारात बारीक नळ्या ठेवून पिशवी पाण्याने भरतात आणि दाब मोजतात. ती सरसकट कुणाला करत नाहीत, मलाही लागली नाही.

बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, त्यांना सिस्टोस्कोपी सांगितलेली, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण. त्यांना एकदाच लाल लघवी झाली होती, दुखलं काहीच नाही, नंतर आपोआप थांबली. त्यांचा मुलगा मागे लागला म्हणून आले होते. करून बाहेर आल्यावर म्हणाले, भूल देणारी जेली आत सोडतात, थोडा वेळ थांबतात, मग बारीक वाकणारी दुर्बीण, आत जाताना चिरमिरतं आणि काही मिनिटांत झालं, टीव्हीवर मला माझीच पिशवी आतून दाखवली. दिवस-दोन दिवस जळजळ होते, पाणी भरपूर प्यायचं. डोळ्यांना दिसेल असं रक्त लघवीत एकदा जरी आलं, दुखो न दुखो, ते दाखवायलाच हवं, मूत्राशयाच्या कॅन्सरची खूण बऱ्याचदा तेवढीच असते.

मार्चच्या सुरुवातीला पीएसए परत. यावेळी माहीत होतं की आधीचे दोन दिवस वीर्यपतन टाळायचं, सायकल चालवायची नाही, आणि त्याच लॅबमध्ये करायची कारण वेगवेगळ्या लॅबच्या पद्धतीत आकडा थोडा बदलतो. सोबत फ्री पीएसए, म्हणजे एकूण पीएसएपैकी रक्तात मोकळं फिरणारं किती ते बघणारी टेस्ट, पण करायला सांगितली होती. आकडा ५.८. बराच उतरला होता, पण ४ च्या खाली नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की ४ ही जुनी सरसकट रेषा आहे, वयाबरोबर ती सरकते, साठीत साडेचारपर्यंत चालवून घेतात. शिवाय आकड्याला प्रोस्टेटच्या आकाराने भागायचं. ५.८ भागिले ५२ म्हणजे ०.११, आणि ०.१५ च्या खाली असेल तर ते दिलासा देणारं. फ्री पीएसएचं प्रमाण १४ टक्के आलं. २५ च्या वर असेल तर धोका कमी, १० च्या खाली असेल तर जास्त, मी मधल्या पट्ट्यात. बोटाची तपासणी परत केली, डावीकडची ती जागा अजून घट्टच लागत होती.

मी वही उघडून विचारलं, आता सरळ बायोप्सी, म्हणजे सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासणं, का नाही करायची. ते म्हणाले, पूर्वी तेच करायचे, पण ब्रिटनमधला प्रोमिस नावाचा मोठा अभ्यास २०१७ साली आला, त्यात दिसलं की आधी एमआरआय केला तर साधारण चौथ्या हिश्श्याहून जास्त पुरुषांना बायोप्सी टाळता येऊ शकते. आणि बायोप्सी करावी लागलीच तर सुई कुठे घालायची ते माहीत असतं. हा प्रश्न मी नंतर प्रत्येक टेस्टच्या आधी विचारला, की याचा रिपोर्ट असा आला तर आपण काय करणार आणि तसा आला तर काय. दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती टेस्ट कशाला करायची. कुठलाही डॉक्टर या प्रश्नाला रागावला नाही.

या सगळ्यात जास्त खर्च एमआरआय आणि बायोप्सीचाच. लघवीच्या टेस्ट, क्रिएटिनिन, युरोफ्लो त्या मानाने किरकोळ. विमा असेल तर तारीख घ्यायच्या आधी त्यांच्याकडे लेखी विचारा की दाखल न होता केलेल्या तपासण्या बसतात का, आणि प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची ती चिठ्ठी जोडून ठेवा ज्यावर टेस्ट लिहिलीय. बिल आहे पण चिठ्ठी नाही म्हणून कागद परत येतात.

एमआरआयची तारीख मार्चच्या शेवटची मिळाली. फॉर्ममध्ये पेसमेकर, शरीरात धातू, आधीची ऑपरेशन्स विचारतात, आणि शिरेतून औषध द्यायचं असतं म्हणून ताजं क्रिएटिनिन मागतात. ते रिपोर्ट घरी राहिले म्हणून परत गेलेला एक माणूस माझ्यासमोर होता, तेव्हा फाईल न्याच. पोट साफ करून या म्हणतात, कारण आतड्यात गॅस असला की चित्र बिघडतं. आत अर्धा-पाऊण तास अजिबात न हलता पडायचं, ठोकल्यासारखे मोठे आवाज, कानाला हेडफोन, हातात दाबायचा फुगा. मला बंद जागेची थोडी भीती आहे ती आधी सांगितली, तर टेक्निशियनने डोळ्यांवर कापड दिलं आणि मधून मधून "काका, अजून दहा मिनिटं" असं बोलत राहिला, त्यामुळे निभावलं.

रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स म्हणून १ ते ५ असा अंक असतो. १-२ म्हणजे कॅन्सरची शक्यता कमी, ३ मधलं, ४-५ म्हणजे संशय जास्त. माझं ४ आलं, डावीकडे, जिथे बोटाला घट्ट लागत होतं तिथेच. त्या दिवशी मला खूप खचल्यासारखं झालं. एकेक दिलासा मिळत होता आणि हा अंक उलट्या दिशेचा. डॉक्टर म्हणाले, एमआरआय संशय दाखवतो, निदान करत नाही, इन्फेक्शनची सूज पण कधीकधी अशीच दिसते, पण ४ असताना बायोप्सी न करता थांबणं मी तुम्हाला सुचवणार नाही.

बायोप्सी एप्रिलमध्ये झाली. आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारतात, त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्यांनी दिल्या त्यांना विचारून. लघवीची कल्चर परत केली, जंतू नाहीत याची खात्री करायला. बायोप्सीचे दोन मार्ग आहेत, गुदद्वारातून किंवा वृषणाच्या मागच्या कातडीतून. दुसऱ्यात इन्फेक्शनचा धोका कमी, माझी तशी केली, जागेवरच भूल देऊन. पाय स्टँडवर वर बांधलेले, ती पाच-दहा मिनिटं लाज वाटते, मग वाटत नाही. भुलेची इंजेक्शनं हाच काय तो दुखणारा भाग, चांगलीच झोंबतात. त्यानंतर प्रत्येक तुकडा घेताना स्प्रिंग सुटल्यासारखा खट् आवाज आणि आत एक धक्का. नर्स दर वेळी "आता आवाज येईल हं" असं सांगत होत्या आणि त्याने खरंच फरक पडतो. संशयाच्या जागेतून काही आणि बाकी प्रोस्टेटमधून ठरलेल्या जागांचे काही असे तुकडे घेतले.

लघवी नीट झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. काही दिवस लघवी गुलाबी होती, वीर्यात तपकिरी रंग तर बरेच आठवडे राहिला, हे आधीच सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. ताप-थंडी आली, लघवी पूर्ण बंद झाली किंवा रक्ताच्या गाठी पडायला लागल्या तर मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल, हे कागदावर लिहून फ्रिजला लावलं होतं. त्याची गरज पडली नाही.

रिपोर्टला आठवड्याहून जास्त लागला. त्या काळात मी ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती जोराचा आहे ते सांगणारा आकडा, काय ते वाचलं. डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात काढलेली पद्धत, आता बायोप्सीत कॅन्सर मिळाला तर तो साधारण ६ ते १० मध्ये देतात आणि सोबत १ ते ५ असा ग्रेड ग्रुप. वाचून एक समजलं, ६ म्हणजे ग्रेड ग्रुप १, आणि त्यात बऱ्याच जणांना ऑपरेशन किंवा रेडिएशन न करता नुसतं लक्ष ठेवतात. म्हणजे वाईट शब्द आला तरी त्यातही पायऱ्या आहेत. हे आधी माहीत असल्यामुळे पाकीट उघडताना हात कमी थरथरले. आम्ही ठरवलं होतं की मोबाईलवर रिपोर्ट उघडायचा नाही, डॉक्टरांसमोरच बघायचा, आणि तसंच केलं.

कुठल्याच तुकड्यात कॅन्सर नाही. जुनाट सूज, आणि वयाबरोबर होणारी साधी वाढ. बायको तिथेच रडायला लागली, मला मात्र बराच वेळ काही वाटलंच नाही, संध्याकाळी घरी आल्यावर एकदम हातपाय गळाले. डॉक्टरांनी लगेच हेही सांगितलं की एमआरआय ४ असताना बायोप्सी चांगली आली तर विषय संपला असं नसतं, सुई नेमकी चुकल्याची थोडी शक्यता उरते, म्हणून सहा महिन्यांनी पीएसए आणि त्यावरून गरज पडली तर परत एमआरआय.

धारेसाठी टॅम्सुलोसिन सुरू केली, रात्री झोपताना. पहिले काही दिवस अंथरुणातून एकदम उठलो की चक्कर यायची, म्हणून आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. ही गोळी पीएसएला हात लावत नाही. प्रोस्टेट लहान करणाऱ्या फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या गोळ्या मात्र सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मं करतात, तेव्हा त्या चालू असतील तर आलेला आकडा दुप्पट करून बघायचा असतो. नवीन डॉक्टरला किंवा लॅबला हे माहीत नसतं, आपणच सांगायचं. मला त्या सध्या दिलेल्या नाहीत, त्याचं एक कारण हेच, की पुढचं पीएसए स्वच्छ वाचता यावं.

जूनमध्ये युरोफ्लो परत केली, वेग १३. मागे राहिलेली लघवी ४० एमएल. आयपीएसएसचा कागद परत बायकोबरोबर बसून भरला, ११ झाले. रात्री एकदा, कधी दोनदा उठतो. ऑक्टोबरच्या पीएसएची चिठ्ठी फाईलमध्ये वरच लावलीय, त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय: लघवीची जळजळ असेल तर करू नका, आधी फोन करा, आणि सोबत दुसरी कुठलीही टेस्ट नको.